खारट लेकरू

बाळ पाच दिवसांचे झाले की आमच्या बीडकडे पाचवी पुजतात. पाट्यावर कोरा कागद ठेवतात, शेजारी लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते. ते लिहिणे कुणालाही वाचता येत नाही, अशी समजूत आहे. तीस-बत्तीस वर्षे या जिल्ह्यात लहान मुलांची डॉक्टर म्हणून काढल्यावर मला वाटते, एखाद्या लेकराच्या कपाळावर खरोखरीच काही लिहिलेले असते आणि ते जिभेने वाचावे लागते.

हे कोडे वाटेल. पण सणासुदीच्या दिवसांत वाचकांना कोड्यात ठेवणे बरे नव्हे, म्हणून सरळच सांगते. आपल्या पोटात जठराच्या मागे आडवा पडलेला एक अवयव आहे, स्वादुपिंड. नाव किती रसाळ! त्या मानाने त्याची ओळख मात्र कुणाला नसते. हृदय कवींनी घेतले, यकृत दारूबंदीवाल्यांनी घेतले. स्वादुपिंडाकडे मधुमेहवाले सोडले तर कुणी फिरकले नाही. खरे तर आपण खाल्लेले तूप, तेल, डाळ, दूध पचवणारा रस मुख्यतः तेथूनच येतो. तो रस आतड्यात उतरलाच नाही, तर माणूस ताटावर बसून उपाशी राहतो. मोठ्या माणसाला निदान पोटात दुखते असे म्हणता येते. चार-पाच महिन्यांचे लेकरू काय सांगणार? त्याच्या वतीने त्याचे कातडे बोलते.

कातड्याचे बोलणे ऐकण्याची आमच्या मुलखाला जुनी सवय आहे. हा ज्वारीचा मुलूख. पूर्वी गरिबाच्या ताटात वर्षानुवर्षे भाकरी आणि ठेचा यांपलीकडे काही पडत नसे, आणि मग उन्हाळ्यात मानेभोवती, हातापायांवर काळे, खरखरीत चट्टे उठत. तो पेलाग्रा. मक्यावर जगणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या गरिबांत तो प्रसिद्ध होता. पण दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्यांत तो का व्हावा, याचा शोध हैदराबादच्या पोषण-संशोधन संस्थेत डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी घेतला. ज्वारीतल्या ल्यूसिन नावाच्या द्रव्याकडे त्यांनी १९६० साली बोट दाखवले. त्याच्या चारच वर्षे आधी, १९५६ पर्यंत, आमचा बीड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. म्हणजे आमच्याच भाकरीचे कोडे आमच्याच जुन्या राजधानीत सुटत होते म्हणायचे.

दुसरे कातडे सिसिली विल्यम्स नावाच्या इंग्रज डॉक्टरणीने वाचले. पश्चिम आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, ती काम करीत होती. पाठचे भावंड झाले की आधीच्या मुलाचे दूध तुटते. मग त्याचे पाय सुजतात, केस भुरे होतात आणि अंगावरचे कातडे भिंतीच्या जुन्या रंगाच्या पापुद्र्यासारखे सुटते. तिथल्या बायका या दुखण्याला क्वाशिओरकोर म्हणत. विल्यम्सबाईंनी १९३३ साली त्याचे वर्णन छापले आणि दोन वर्षांनी तो शब्दही जसाच्या तसा वैद्यकात आणला. मला ही गोष्ट फार आवडते. साहेबी वैद्यकाने काळ्या आयांचा शब्द शिरावर घ्यावा, असे फारदा घडलेले नाही.

आता माझ्या लेकराकडे येते.

२०१३ चा उन्हाळा मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. विहिरी कोरड्या, टँकरपुढे घागरींच्या रांगा, जनावरे छावणीत. ऊसतोडीहून माणसे परत आली होती. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली आमची हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूरकडे, काही कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मोजणीत माणूस नाही, कोयता. पाचटाच्या कोपीत राहायचे, पहाटे अंधारात फडात शिरायचे. लेकरू बांधावर, लुगड्याच्या झोळीत.

अशाच एका कोपीत डिसेंबरात जन्मलेले पाच महिन्यांचे पोर घेऊन एक विशीतली बाई माझ्याकडे आली. बरोबर सासू. सासू म्हणजे तिची सख्खी आत्याच. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे जुनीच; इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ साली नातेसंबंधांवर जो ग्रंथ लिहिला त्यात तिचे सविस्तर विवेचन आहे. त्या दिवशी मला इरावतीबाई आठवल्या त्या मात्र जरा वेगळ्या कारणाने. ते पुढे येईलच.

पोराच्या तोंडाभोवती लाल, सोललेली कडा होती. तसेच जांघेत, ढुंगणावर, कोपरांना आणि गुडघ्यांना. चट्ट्यांच्या कडेला खपली. केस विरळ. पावलांवर बोट दाबले की खळगा पडत होता. रंग पांढराफटक. सासूच्या पिशवीत चिठ्ठ्यांचे पुडके होते. एका ठिकाणी नायटा म्हणून मलम दिलेले, दुसऱ्या ठिकाणी इसब म्हणून. एकाने आईचे अंगावरचे दूध बाधते म्हणून ते तोडायला सांगितलेले. नशीब, आत्याबाईंनी ते मानले नव्हते. गावातल्या एकाने देवीचे आहे म्हणून लिंबाच्या पाल्यात निजवायला सांगितले होते, ते मात्र मानले होते. त्याने काही बिघडले नाही. उलट मे महिन्यात लेकराला जरा गारवा मिळाला असेल.

मी विचारले, "दूध पितं का नीट?"

"पितं का म्हनून काय इचारता बाई! सोडीतच न्हाई. पेतं अन् हगतं, पेतं अन् हगतं. तेलकट, अन् वास असा की शेजारीन उठून जाती."

पाच महिन्यांचे, आईच्या अंगावर भरपूर पिणारे लेकरू आणि त्याच्या अंगावर उपासमारीचे कातडे, हे जुळत नव्हते. दूध तुटलेले असते तर विल्यम्सबाईंचा आजार म्हटला असता. जन्मजात जस्त शोषून घेता न येण्याचा एक आजार आहे, त्यात अगदी असेच तोंडाभोवती आणि जांघेत चट्टे येतात. पण आईचे दूध चालू असेपर्यंत ते लेकरू बहुधा तग धरते, कारण आईच्या दुधातले जस्त त्याच्या अंगी लागते. येथे दूध चालू होते. दूध पोटात जात होते आणि तेलकट होऊन बाहेर पडत होते. मधे कुठेतरी पचवणाराच गैरहजर होता.

मी विचारात होते तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "आधीची पोरगी बी अशीच व्हती. सात महिन्याची झाली अन् चैतात कोपीत गेली. ना हगवन, ना उलटी. नुस्ती मलूल पडली उन्हानं. दोन्ही लेकरं खारट माझी."

"खारट म्हणजे?"

"मुका घ्येतला की मिठावानी लागतंय. करडू सुदिक याचंच कपाळ चाटाया येतं."

उन्हाळ्यात आमच्याकडे कोणाचे लेकरू खारट नसते? टँकरच्या पाण्याने आठवड्यातून दोनदा अंघोळ, बाकी दिवस घामच. मी तसे म्हटले. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सात लेकरं वाढवली म्या बाई. घामाचं खारट येगळं, ह्ये खारट येगळं. न्हाऊ घालून टॉवेलात घ्येतलं तरी जिभंला कळतंय."

मी त्या पोराच्या कपाळाला ओठ लावून पाहिले. डॉक्टरांनी असे करावे की नाही यावर मतभेद असतील. पण मला पटले.

युरोपात फार जुनी समजूत आहे की ज्या लेकराचे कपाळ चुंबताना खारट लागते ते जगत नाही. त्याला चेटूक झालेले असते. तिथल्या आज्यांना जे शेकडो वर्षे जिभेला कळत होते, ते दवाखान्यात पोचायला १९५३ साल उजाडावे लागले. त्याच्याही आधी न्यूयॉर्कच्या बालरुग्णालयात डॉरोथी अँडरसन नावाची बाई शवविच्छेदन करीत असे. तिला खरे तर शस्त्रवैद्य व्हायचे होते. बाई म्हणून तिला ती जागा मिळाली नाही. फावल्या वेळात सुतारकाम करणारी, डोंगर चढणारी अशी ती वल्ली होती. गहू न पचण्याच्या आजाराने मेले म्हणून आलेल्या एका मुलीच्या पोटात तिला स्वादुपिंडाच्या जागी गाठी आणि दोरखंडासारखे कठीण जाळे दिसले. मग तिने जुने कागद उपसले, अशी एकोणपन्नास मुले गोळा केली आणि १९३८ साली त्या आजाराला नाव दिले. स्वादुपिंडाच्या नळ्या चिकट स्रावाने बुजतात, रस आतल्या आत कोंडतो आणि अवयव आपलाच रस पिऊन सुकून जातो. इंग्रजीतले त्याचे नाव सिस्टिक फायब्रोसिस.

पुढे १९४८ साली न्यूयॉर्कला मोठी उष्णतेची लाट आली. उन्हाने कोसळलेली जी लहान मुले त्या रुग्णालयात आली त्यांत याच आजाराची मुले नजरेत भरण्याइतकी होती. तेथल्याच डी सांत आन्येसे या इटलीत जन्मलेल्या डॉक्टरला प्रश्न पडला की हीच मुले का? त्याने त्यांचा घाम तपासला. त्यात इतरांच्या कितीतरी पट मीठ निघाले. मूत्रपिंड ठीक, बाकी सारे ठीक. मीठ कातड्यातून वाहून जात होते. तेच १९५३ चे संशोधन. मला न्यूयॉर्कची ती लाट वाचताना नेहमी आमची चैत्रातली कोपी दिसते. तेथे घाम मोजायला कोणी नव्हते.

हे मीठ बाहेर का राहते, तेही सांगायला हवे. घाम तयार होतो तेव्हा तो सगळ्यांचाच खारट असतो. पण कातडीच्या वर येता येता त्याची बारीक नळी त्यातले मीठ परत शोषून घेते, जशी शहाणी गृहिणी उरलेले तेल गाळून बरणीत भरते. या लेकरांच्या पेशींत मिठातल्या क्लोराइडची ये-जा करणारे दारच बिघडलेले असते. घामाच्या नळीत त्यामुळे मीठ परत येत नाही; स्वादुपिंडात आणि फुप्फुसात त्याच दाराच्या बिघाडाने स्राव घट्ट होतो. घामाच्या नळीतली ही खोट १९८३ साली पॉल क्विंटन या शास्त्रज्ञाने दाखवून दिली. तो स्वतःच या आजाराचा रोगी. आपल्याच अंगाचे कोडे त्याने सोडवले. १९८९ साली सातव्या गुणसूत्रावरचा तो जनुक सापडला.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत हा गोऱ्यांचा आजार म्हणून आम्ही पान उलटले होते. परीक्षेतही कोणी विचारले नाही. वास्तविक १९६८ सालीच भारतीय मुलांतील रोगी आपल्या नियतकालिकांत छापून आले होते. पण पाठ्यपुस्तकात एकदा "गोऱ्यांचा" असे छापले की काळ्या कपाळाला जीभ लावून पाहणार कोण? येथे अशी लेकरे जुलाबात, कुपोषणात, बाळदम्यात, उन्हात जमा होतात आणि त्याच नावाने जातात.

घामाची तपासणी म्हणजे हाताच्या कातडीवर एका औषधाने आणि अगदी सौम्य विजेने घाम आणायचा, तो गोळा करायचा आणि त्यातले क्लोराइड मोजायचे. एका लिटरमागे साठ एककांच्या वर गेले की आजार मानतात. निरोगी लेकराचे तिसाच्या आत असते. परदेशी यंत्र महाग. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. काब्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वस्तातले देशी उपकरण बनवून २००२ साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. आमच्या जिल्ह्यात त्या वेळी सोय नव्हती. एस.टी.ने रात्रभर जाऊन एका मोठ्या शहरात ती तपासणी करावी लागली. त्यासाठी दोन शेळ्या विकल्या. त्यांत कपाळ चाटणारे करडूही गेले, असे मला नंतर कळले. आकडा शंभराच्या वर आला.

मग मला इरावतीबाई आठवल्याचे कारण सांगते. हा आजार आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन्ही बिघडलेली दारे मिळाली तरच होतो. एकेक बिघडलेले दार घेऊन माणूस ऐंशी वर्षे सुखाने जगतो. आत्या आणि भाची एकाच घरच्या. एकाच आजोबाचे दार दोन वाटांनी येऊन पाळण्यात भेटले असावे. प्रत्येक खेपेला चारात एक, असा हिशेब. तो सांगताना मी फार जपून बोलले, कारण सासूने तेवढेच ऐकले असते तर दोष सुनेच्या माथी गेला असता. पण आत्याबाईंनी मधेच थांबवले. "म्हंजी माझ्याच माहेरचं हाय म्हना की," त्या म्हणाल्या आणि सुनेला म्हणाल्या, "तुजा काय बी कसूर न्हाई गं." मी बऱ्याच शिकलेल्या घरांत हा हिशेब सांगितला आहे. इतक्या लवकर तो कोणाला समजलेला मी पाहिला नाही.

औषध सांगायची वेळ आली तेव्हा खरी पंचाईत झाली. स्वादुपिंडाचा जो रस अंगात होत नाही तो बाहेरून द्यावा लागतो, प्रत्येक दूधपाण्याबरोबर, जन्मभर. कॅप्सूल उघडून आतले बारीक मणी चाटवायचे. हे मणी डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. आत्याबाई माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला पंढरी. लपवून ठेवावे असा सल्ला मला एका सहकाऱ्याने दिला होता. ते मला बरे वाटेना. लेकरू त्यांचे, घर त्यांचे; त्यांच्या नकळत त्यांच्या घरात डुक्कर नेणारी मी कोण? मी सांगून टाकले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. बाहेर टँकरचा भोंगा वाजला तरी उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, "याच्या गळ्यात माळ न्हाई घालायची मंग. माझी म्या घालते. इठ्ठलाला म्या सांगते काय ते."

त्या मण्यांबरोबर जस्त दिले, जीवनसत्त्वे दिली, आहार वाढवला आणि मिठाचे पाणी दिले. ज्या घरात लेकराची दृष्ट काढून मीठमोहऱ्या चुलीत टाकतात, त्या घरात मीठ लेकराच्या पोटात घालायला सांगताना मलाच गंमत वाटली. दोन-अडीच आठवड्यांत तोंडाभोवतीची लाली ओसरली, जांघेतले चट्टे सुकले, पावलांची सूज उतरली. एकही मलम लागले नाही. पुडक्यातली सगळी मलमे आत्याबाईंनी परत आणून माझ्या टेबलावर ठेवली, "कुनाला लागली तर द्या," म्हणून.

हे लेकरू बरे झाले असे मात्र मी म्हणणार नाही. कातडे बरे झाले. फुप्फुसाचे दुखणे आहेच; थंडीत कफ दाटतो, रोज पाठ थोपटून तो काढावा लागतो, वर्षातून दोनदा तरी दवाखान्यात राहावे लागते. बिघडलेल्या दारालाच दुरुस्त करणारी तीन औषधांची गोळी अमेरिकेत २०१९ साली मान्य झाली. पश्चिमेकडे तिने मुलांचे आयुष्यच पालटले. बाजारात आली तेव्हा तिची वर्षाची किंमत तीन लाख डॉलरच्या वर होती. हा आकडा मी त्या घरात कधी उच्चारला नाही.

त्या मुलाच्या आईने त्या वर्षापासून फडात जाणे सोडले. कोपीतला धूर आणि चैत्राचे ऊन दोन्ही त्याला चालत नाही. बाप एकटा जातो. एकट्या माणसाला आमच्याकडे अर्धा कोयता म्हणतात, आणि उचलही त्या मानानेच मिळते. आई गावात लोकांच्या शेतात खुरपायला जाते. मुलगा शाळेत जातो, उन्हाळ्यात खिशात मिठाची पुडी बाळगतो. हात धुताना त्याचे तळवे दोन-तीन मिनिटांत म्हाताऱ्यासारखे सुरकुततात आणि पांढरे पडतात. हीही या आजाराचीच खूण. पोरे ती पाहायला त्याच्याभोवती जमतात आणि तो त्याचे एकेक बोर घेतो. धंदा बरा चालला आहे असे त्याची आई सांगत होती.

आत्याबाई आता थकल्या आहेत. मात्र वस्तीवर कोणाचेही बाळंतपण झाले की बारशाला जातात आणि पाळण्यातल्या लेकराचा मुका घेतात. लोकांना वाटते म्हातारीला लेकरांचा लळा फार. जरा संशय आला की त्या आईबापांना दटावून माझ्याकडे धाडतात. आजवर अशी अकरा लेकरे आली. दहांच्या अंगावर नुसता घाम होता. अकराव्याला मीठ नव्हते, पण तोंडाभोवती तसाच चट्टा होता. त्याला जस्ताची कमतरता निघाली आणि महिन्याभरात ते गुटगुटीत झाले. मी हे त्यांना कळवले तेव्हा त्या जरा नाराजच दिसल्या.

"खारट न्हवतं, ते म्या सांगितलंच व्हतं," त्या म्हणाल्या. "पर धाडल्यालं बरं झालं का न्हाई?"